साइन, कॉस, टॅनचा तक्ता पायथॉनमध्ये छापताना

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत हा तक्ता छापायला दहा ओळीही लागत नाहीत. घोळ होतो तो अंश आणि रेडियनचा. रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक, 180 अंश म्हणजे पाय रेडियन. आपण कोन अंशांत सांगतो, पायथॉनचं मॅथ मॉड्यूल, म्हणजे गणिताच्या तयार फंक्शनांचा संच, तो रेडियन समजतं. साइनच्या कंसात नुसते 30 लिहून बघा: 0.5 ऐवजी उणे 0.9880 येईल. एरर मात्र येत नाही, आणि अख्खा तक्ता चुकीचा छापला जातो.

सुरुवातीला मॅथ इंपोर्ट करा. मग प्रत्येक कोनासाठी तीच कृती करणारा फॉर लूप, रेंजमध्ये 0, 91, 15, म्हणजे सुरुवात, शेवट आणि पायरी. रेंज शेवटचा आकडा धरत नाही; तिथे 90 लिहिलेत तर 90 अंशांची ओळच गायब. पायरी 15 ची ठेवा, कारण दहावीचे 30, 45, 60 त्यात येतात आणि सात ओळी नजरेने तपासता येतात. लूपमध्ये आधी मॅथच्या रेडियन्स फंक्शनने कोन बदलून घ्या, मगच किमती काढा. प्रिंटला एफ-स्ट्रिंग वापरा, म्हणजे अवतरणाआधी f लावा: महिरपी कंसात किमतीपुढे कोलन, 10.4 आणि एफ, म्हणजे दहा अक्षरांची जागा, चार दशांश.

90 अंशांचा टॅन निश्चित करता येत नाही, तरी पायथॉन तिथे 17 आकडी संख्या देतं आणि रकाना फुटतो. पायची किंमत संगणकात पूर्ण मावत नाही, म्हणून कॉस शून्याच्या अगदी जवळ येतो, पण शून्य होत नाही. त्यामुळे 'कॉस शून्य आहे का' ही अट कधीच लागू होणार नाही. 'कोन 90 आहे का' हे विचारा आणि तिथे आडवी रेघ छापा.

मथळा मराठीत हवा असेल तर जागा हाताने सोडा. पायथॉन काना-मात्रा वेगळं अक्षर म्हणून मोजतं.

तपासायला 30 चा साइन 0.5000 आणि 45 चा टॅन 1.0000 आहे ना, ते पाहा. मग कोल्हापूरचा अक्षांश घ्या, सुमारे 16.7. दशांश कोनांसाठी 0.1 मिळवत जाऊ नका, चूक साचत जाते. रेंज 0 ते 901 ठेवून कोनाला 10 ने भागा आणि पायरी 1 करा. 16.7 चा टॅन 0.3000 येईल. 21 मार्चच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून अक्षांशाएवढाच कललेला असतो, म्हणून काठीच्या उंचीला हा टॅन गुणला की सावली मिळते. त्या दिवशी दुपारी 12.40 ला कोल्हापुरात गच्चीवर एक मीटरची काठी उभी करा, सावली 30 सेंटिमीटर भरेल. काठी ओळंब्यात हवी. उत्तर-दक्षिण एक अंश जरी कलली तरी माप पावणेदोन सेंटिमीटरने चुकतं.