लिंग्विस्टिक्समध्ये मास्टर्स करायचं की इंग्रजी शिकवण्यात? ठरवायचं कसं आणि तयारी काय करायची

मी संध्याकाळच्या बॅचला मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे तेव्हा एक काका यायचे, परदेशातल्या नातवंडांशी फोनवर नीट बोलता यावं म्हणून. एकदा ते म्हणाले, "आय हॅव सीन हिम येस्टरडे." मी म्हटलं, येस्टरडे आलं की हॅव नको, नुसतं सॉ म्हणा. तर ते म्हणाले, "मॅडम, मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' म्हणतोच की आपण, मग इंग्रजीत का चालत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, नियम होता फक्त.

हा किस्सा सांगायचं कारण असं की मला लोक विचारतात मास्टर्सला लिंग्विस्टिक्स (म्हणजे भाषाविज्ञान) घेऊ का टेसॉल (म्हणजे इतर भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवण्याचा अभ्यास) घेऊ, तेव्हा मी त्यांना हेच वाक्य देते आणि विचारते, हे ऐकून तुमच्या डोक्यात पहिलं काय आलं? हे चालत का नाही, कुठल्या भाषांत चालतं, कुठल्यात नाही, त्यामागे काळाची काय भानगड आहे असं आलं तर तुम्ही लिंग्विस्टिक्सचे. काकांच्या तोंडून सोमवारपर्यंत सॉ कसं काढायचं असं आलं तर टेसॉलचे. आणि माणूस दुसरी भाषा शिकताना पहिलीतलं नक्की काय उचलून आणतो आणि ते कधी सुटतं, असं आलं तर अप्लाइड लिंग्विस्टिक्स किंवा सेकंड लँग्वेज ॲक्विझिशन, ज्याला सगळे एसएलए म्हणतात. तिन्ही प्रश्न चांगले आहेत, पण तिन्हींचे अभ्यास खूप वेगळे आहेत आणि चुकीच्या ठिकाणी गेलं की फार त्रास होतो, हे मी जवळून पाहिलंय.

नुसत्या लिंग्विस्टिक्समध्ये भाषा शिकवत नाहीत. "तुला किती भाषा येतात" हा प्रश्न जन्मभर येणार, पण त्याचा अभ्यासाशी संबंध थोडाच. पहिल्या सेमिस्टरला फोनेटिक्स (आवाज तोंडात कसे तयार होतात), फोनॉलॉजी (एखाद्या भाषेत आवाजांची व्यवस्था कशी असते), सिंटॅक्स (वाक्याची रचना) असतं, आणि दर आठवड्याला कधी नाव न ऐकलेल्या भाषेतली पंधरा-वीस वाक्यं देऊन सांगतात की यातला नियम शोधा. गणिताच्या जवळचं काम आहे ते. तुम्हाला हे आवडेल का ते फुकटात बघता येतं, शाळेतल्या मुलांसाठी 2003 पासून आंतरराष्ट्रीय लिंग्विस्टिक्स ऑलिंपियाड होतं, त्याचे जुने पेपर नेटवर आहेत, दोन-तीन सोडवायला बसा. तास कधी गेला कळलं नाही तर पुढे जा, आणि कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

टेसॉलमध्ये याउलट वर्ग मध्यभागी असतो. धडा कसा आखायचा, परीक्षा कशी बनवायची, चूक लगेच दुरुस्त करायची की बोलणं संपू द्यायचं, मिश्र लेव्हलचा वर्ग कसा सांभाळायचा. वरच्या काकांसाठी मी आज काय करीन सांगते. फळ्यावर एक आडवी रेघ, तिच्या टोकाला 'नाऊ', मागे एक बंद चौकोन काढून त्यात 'येस्टरडे' लिहायचं, आणि विचारायचं, कधी पाहिलं ते सांगितलंय का? हो. चौकोन बंद झाला का? हो. मग सॉ. आणि कधी ते सांगायचंच नसेल, पाहिलंय एवढंच महत्त्वाचं असेल, तर हॅव सीन. नियम पाठ करून घेण्यापेक्षा असे छोटे प्रश्न विचारून अर्थ पक्का झालाय का तपासायचा, याला तिथे कॉन्सेप्ट चेकिंग म्हणतात आणि ते जमायला खरंच सराव लागतो.

आणि काकांच्या प्रश्नाचं काय? तर तो खराखुरा संशोधनाचा प्रश्न निघाला. वोल्फगांग क्लाइन या भाषावैज्ञानिकांचा 1992 चा लेख आहे, त्याचं नावच 'द प्रेझेंट परफेक्ट पझल', म्हणजे इंग्रजीत हे रूप 'काल'सारख्या शब्दाबरोबर का बसत नाही. जर्मनमध्ये मात्र आरामात बसतं. म्हणजे विचित्र वागतेय ती इंग्रजी, काका नव्हे! त्यांची चूक निष्काळजीपणाची नव्हती, त्यामागे पद्धत होती. दुसरी भाषा माणूस कशी शिकतो यावर काम करणाऱ्या पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये हेच मांडलं की शिकणाऱ्याच्या चुका हा पुरावा असतो, त्यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं, आणि 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या भाषेला इंटरलँग्वेज नाव दिलं, जी धड पहिली नाही, धड दुसरी नाही पण जिला स्वतःचे नियम आहेत. हे वाचल्यावर माझं शिकवणंच बदललं, खरं सांगते.

आता कोर्स निवडताना. पदवीच्या नावावर बिलकुल जाऊ नका. एमए टेसॉल, एमए अप्लाइड लिंग्विस्टिक्स, एमए लँग्वेज एज्युकेशन, नावं काहीही असतात आणि आत काहीही असतं. विभागाच्या पानावर जाऊन विषयांची यादी काढा, कम्पल्सरी किती आणि ऑप्शनल किती बघा, आणि शिकवणाऱ्यांचे शेवटचे तीन-चार पेपर कशावर आहेत ते बघा. सगळेच सिंटॅक्सवाले असतील आणि तुम्हाला वर्गातल्या बोलण्यावर काम करायचं असेल तर तुमचा थिसिस घेणार कोण?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रॅक्टिकम, कोर्समध्येच खऱ्या वर्गाला शिकवण्याचा सराव. पुष्कळ लोकांना वाटतं एमए टेसॉल म्हणजे शिकवण्याची प्रॅक्टिस आलीच, तसं नाही. ब्रिटनमधले मास्टर्स बहुतेक एक वर्षाचे असतात आणि त्यातल्या काहींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहायची वेळच येत नाही. अमेरिकेत साधारण दोन वर्षं असतात, प्रॅक्टिकम असण्याची शक्यता जास्त, पण तिथेही विचारून घ्या की खरे विद्यार्थी किती तास आणि कुणी बसून बघतं का. केंब्रिजचं सेल्टा हे एमए नाही, इंग्रजी शिकवण्याचं छोटं सर्टिफिकेट आहे, किमान 120 तासांचं, पण त्यात सहा तास खऱ्या वर्गाला शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी प्रत्येक मिनिट लिहून घेत असतं. ट्रिनिटीचं सर्टटेसॉलही त्याच धर्तीवर. म्हणून भाषाशाळांमध्ये नुसत्या एमएपेक्षा सेल्टा असलेला माणूस कधीकधी आधी घेतात, आणि विद्यापीठात शिकवायचं असेल तर उलटं, तिथे एमए लागतंच. ज्या ऑनलाइन सर्टिफिकेटमध्ये एकही तास प्रत्यक्ष शिकवणं नाही ते यांच्या बरोबरीचं धरू नका. अजून एक, एमए टेसॉल झालं म्हणून सरकारी शाळेत शिकवायचं लायसन्स मिळतंच असं नाही, बऱ्याच देशांत ते वेगळं काढावं लागतं.

अर्जाच्या आधी किमान तीन-चार महिने कुणालातरी शिकवा. एक माणूस चालेल, पैसे न घेता चालेल. आणि वही ठेवा, त्यात तो बोलला ते वाक्य जसंच्या तसं, तारीख, आणि तुम्हाला काय वाटलं ते. ही वही पुढे सोन्याची ठरते कारण तुमचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, त्यातून निघतं. "मला लहानपणापासून भाषांची आवड आहे" हे वाक्य निवड समिती रोज वाचते. त्याऐवजी एक अडचण घ्या, ती कशी दिसली, तुम्ही काय करून पाहिलं, काय कळलं नाही, आणि या विभागातल्या कुठल्या विषयातून ते कळेल असं वाटतं, एवढं लिहा. वीस ठिकाणी अर्ज केला तरी शेवटचा भाग वीस वेळा वेगळा लिहायला लागतो, त्याला इलाज नाही.

लिंग्विस्टिक्सला जाणाऱ्यांनो, तुमच्याकडे मराठी आहे आणि ती तिथे मोठं भांडवल आहे. 'त्याने चिठ्ठी वाचली' पण 'मी चिठ्ठी वाचली', मी-ला 'ने' का नाही, आणि तरी दोन्हीकडे क्रियापदाचं रूप चिठ्ठीप्रमाणेच का बदललं? हा एर्गेटिव्हिटीचा, म्हणजे करणाऱ्याला वेगळा प्रत्यय लागून क्रियापद कर्माप्रमाणे बदलण्याचा प्रश्न आहे, यावर जगभर लोक काम करतात. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' हा फरक इंग्रजीच्या वी-मध्ये नाहीच. असे प्रश्न घेऊन गेलात की अर्ज वाचणारा थांबतो.

आवाजाचंही तसंच, आणि हे टेसॉलवाल्यांनाही लागतं. तोंडासमोर पातळ कागद धरा आणि इंग्रजीत 'पिन' म्हणा, मग 'स्पिन' म्हणा, पण इंग्रजी लोक म्हणतात तसं. पिनला कागद हलतो, स्पिनला जवळजवळ नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही, आणि आपल्याकडे त्याच हवेच्या झोतावर 'ताट' आणि 'थाट' वेगळे होतात. उलट 'वेस्ट' हा शब्द व्ही-ने की डब्ल्यू-ने, हे आपल्या कानाला चटकन कळत नाही कारण आपल्याकडे एकच व. प्राट नावाचं आवाज तपासायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं, त्यात स्वतःचं 'शिप' आणि 'शीप' रेकॉर्ड करा आणि एखाद्या इंग्रजाच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवा. त्याच्या दोन स्वरांत नुसती लांबी वेगळी नसते, जिभेची जागाच वेगळी असते, ते फॉर्मंटच्या रेघांत, म्हणजे तोंडाच्या आकारानुसार स्वरातल्या ज्या कंपनांना जोर मिळतो त्यांच्या पट्ट्यांत, डोळ्यांना दिसतं. आपलं बरेचदा नुसतं लांबवलेलं असतं. एका दुपारचं काम आहे पण फोनेटिक्सचा निम्मा धाक जातो.

वाक्यांसाठी कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिहिण्या-बोलण्यातल्या वाक्यांचा शोधता येणारा मोठा साठा, वापरायला शिका. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 10 कोटी शब्दांचा आहे आणि अमेरिकन इंग्रजीचा कोका 1 अब्जाच्या वर. "असं म्हणतात का हो?" हा विद्यार्थ्यांचा रोजचा प्रश्न, त्याचं उत्तर मनाने देण्यापेक्षा शोधून द्या. पुढे एसएलएमध्ये संशोधन करायचं असेल तर स्टॅटिस्टिक्स टळत नाही, आर नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आत्तापासून थोडी थोडी सुरू केलीत तर थिसिसच्या वेळी रडायची वेळ येणार नाही.

आपली मातृभाषा इंग्रजी नाही याची भीती खूप जणांना असते, मलाही होती. टेसॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2006 मध्ये उघड भूमिका घेतली की मातृभाषा बघून शिक्षकांत भेदभाव करणं चूक आहे. नोकरीत तो अजून होतो, काही ठिकाणी जाहिरातीतच लिहिलेलं असतं आणि ते वाचून वाईट वाटतं. पण काकांसारखी चूक कुठून येते हे मला आज अर्ध्या सेकंदात कळतं कारण ती वाट मी स्वतः चालून आलेय, हे ज्याची इंग्रजी जन्मापासूनची आहे त्याला शिकून घ्यावं लागतं. अर्जात हे न लाजता लिहा.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकन विद्यापीठांत टीचिंग असिस्टंटशिप (विभागात शिकवायला मदत करायचं काम) मिळाली तर फी माफ होऊन वर महिन्याचे पैसे मिळतात, पण मास्टर्सला ती सगळीकडे नसते, म्हणून विभागाला ईमेल करून सरळ विचारा की मागच्या वर्षी मास्टर्सच्या किती जणांना मिळाली. सध्याच्या दोन विद्यार्थ्यांनाही लिहा, ते विभागापेक्षा मोकळेपणाने सांगतात. आणि शिफारसपत्रं देणाऱ्यांना डेडलाइनच्या दीड महिना आधी गाठा, सोबत तुमचं स्टेटमेंट, मार्कशीट आणि त्यांच्या वर्गात तुम्ही काय केलं होतं त्याच्या चार ओळी द्या, कारण त्यांना तुम्ही आवडत असलात तरी तीन वर्षांपूर्वीचा तुमचा प्रोजेक्ट कशावर होता ते आठवत नसतं.