बेळगावकडून अल्कलॉइडांच्या संश्लेषणाकडे कसे वळावे

खानापूरच्या जंगलपट्ट्यात काजऱ्याचे झाड पाहिलेल्या आणि बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला वाटते की अल्कलॉइडांवरील (मुख्यतः वनस्पतींत आढळणाऱ्या नायट्रोजनयुक्त संयुगांवरील) संशोधन म्हणजे वनस्पती गोळा करून त्यांचा अर्क काढणे. हा समज आधी दूर करावा, कारण येथे तीन वेगळी कामे आहेत आणि त्यांतले आपले कोणते, हे ठरल्यावाचून मार्गदर्शकाची निवडही नीट होत नाही. काजऱ्यातील स्ट्रिक्नीन हे अल्कलॉइड पेलेतिये आणि काव्हांतू यांनी १८१८ साली वेगळे केले, त्याची रचना रॉबिन्सन यांनी १९४६ साली मांडली आणि प्रयोगशाळेत ते प्रथम घडवले वुडवर्ड यांच्या गटाने, १९५४ साली. आपला विषय यांतला तिसरा, म्हणजे संश्लेषण.

(बिया घरी आणून अर्क काढण्याचा उद्योग कोणीही करू नये, स्ट्रिक्नीन हे जीवघेणे विष आहे.)

सुरुवात कागदावर करावी. ट्रोपिनोन या साध्या अल्कलॉइडाचा रेणू काढून त्याचे कोणते बंध तोडले असता साधे तुकडे मिळतात ते स्वतः शोधावे, आणि मगच रॉबिन्सन यांचे १९१७ चे उत्तर पाहावे: सक्सिनडायअल्डिहाइड, मिथाइलअमाइन आणि अ‍ॅसिटोनडायकार्बॉक्सिलिक आम्लाचा क्षार, हे सारे एकाच भांड्यात. त्याआधी विलस्टेटर यांना याच रेणूसाठी पायऱ्यांची लांबलचक रांग लावावी लागली होती. पायऱ्या का वाचवायच्या, हे साध्या हिशेबाने कळते. प्रत्येक पायरीला ९० टक्के उत्पादन मिळाले तरी १५ पायऱ्यांनंतर हाती सुमारे २१ टक्केच उरते; ८० टक्के मिळाले तर जेमतेम साडेतीन.

यानंतर स्ट्रिक्नीनचे वुडवर्ड यांचे संश्लेषण आणि व्हॅन्डरवॉल यांचे २०११ चे संश्लेषण शेजारी ठेवून वाचावे. दुसऱ्यात झिंके अल्डिहाइडच्या (पिरिडीनचे वलय उघडून मिळणाऱ्या संयुगाच्या) रेणूअंतर्गत डील्स-आल्डर अभिक्रियेने, म्हणजे एकाच वेळी दोन बंध जुळवून सहा अणूंचे वलय घडवणाऱ्या अभिक्रियेने, बरीचशी चौकट एकदम उभी राहते आणि एकामागून एक कराव्या लागणाऱ्या पायऱ्यांची सर्वांत लांब रांग सहाचीच होते. माझ्या मते दहा प्रकरणे पाठ करण्यापेक्षा या दोन आराखड्यांतला फरक स्वतःच्या शब्दांत, मराठीत का होईना, दोन पाने लिहून काढणे अधिक उपयोगाचे आहे.

एमएस्सीसाठी सीमाभागातल्या विद्यार्थ्याला धारवाड आणि कोल्हापूर ही दोन्ही विद्यापीठे जवळची आहेत. आयआयटी किंवा बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था हवी असल्यास बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. त्यातून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाल्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी अर्ज करणे सोपे जाते.

मार्गदर्शकाला पत्र लिहिण्याआधी त्यांच्या गटाचे अलीकडचे तीन-चार शोधनिबंध पुरवणी माहितीसह (निबंधाला जोडलेल्या प्रयोगांच्या तपशिलासह) वाचावेत, कारण पदार्थ शुद्ध करण्याच्या कॉलमला कोणते द्रावक वापरले, एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या वर्णपटात) अशुद्धीची शिखरे दिसतात का आणि उत्पादनाचे आकडे किती मिलिग्रॅमवर काढले आहेत, हे तिथेच कळते. पत्रात त्यांतल्या एका पायरीविषयी नेमका प्रश्न विचारावा. गुणपत्रिकेचा उल्लेख एका ओळीत आटोपावा.

प्रयोगवहीची सवय मात्र एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांपासूनच लावावी. फसलेल्या अभिक्रियेचेही तापमान, वेळ आणि टीएलसीची (अभिक्रिया कुठवर आली हे दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीची) आकृती त्याच दिवशी, शाईने नोंदवावी. पान फाडू नये.