टाकीवरचे फोड: दुचाकी रंगकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या एका दुचाकी रंगकामाच्या गाळ्यात उमेदवारीला लागलो, तेव्हा पहिले तीन महिने माझ्या हातात रंग फवारण्याची गन आलीच नाही. मडगार्ड धुणे, पॉलिश पेपरने घोटणे, मास्किंग टेप लावणे आणि रोज सकाळी काँप्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी सोडणे, एवढेच काम मिस्त्रींनी मला दिले होते. तेव्हा मला त्यात अपमान वाटत असे. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच काम देतो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी मला चांगलीच ओळखू येते.

नवी गाडी आमच्याकडे क्वचितच येते. येतात त्या बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातल्या मोटारसायकली, आणि त्यांच्या रंगाचा इतिहास मालकालाही माहीत नसतो. विकणाऱ्याने विक्रीच्या आदल्या आठवड्यात पेट्रोलच्या टाकीवर डबीतला स्प्रे मारलेला असतो, कधी पडझडीनंतर अर्ध्या बाजूला पुट्टी भरलेली असते, तर कधी केवळ पॉलिश करून रेषा तात्पुरत्या बुजवलेल्या असतात. नवीन मुलगा अशी गाडी पाहताच कोणता पेपर घेऊ असे विचारतो. त्याआधी दोष नेमका कोणत्या थरात आहे हे विचारायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते.

कारखान्यातून आलेल्या पत्र्याच्या टाकीवर सर्वांत खाली फॉस्फेटची प्रक्रिया, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर असते. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांच्या जाडीएवढे भरते. त्यातला क्लिअर बहुधा 30 ते 50 मायक्रॉनचाच असतो. टाकीच्या कडांवर आणि उंचवट्यांवर तो आणखी पातळ असतो, आणि शिकाऊ मुलाचा पेपर नेमका तिथेच जास्त फिरतो. माझ्या हातून पहिली टाकी खराब झाली ती अशीच. एका रेषेमागे लागून मी कडेवर प्रायमर उघडा पाडला, आणि अर्ध्या तासाच्या पॉलिशचे काम दोन दिवसांच्या रंगकामावर गेले.

तपासणीसाठी महागड्या यंत्राची गरज नाही. गाडी आधी स्वच्छ धुऊन कोरडी करावी आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब टाकीवर पडेल अशी उभी करावी. प्रतिबिंबाची कड संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसली, तर रंग नीट पसरण्याआधीच वाळला आहे. एका बाजूला कड सरळ आणि दुसऱ्या बाजूला लाटेसारखी दिसली, तर त्या लाटेखाली पुट्टी आहे असे मानून चालावे. खात्रीसाठी पातळ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक फिरवावे, म्हणजे जाड पुट्टीवर त्याची पकड सैल झालेली हाताला कळते. रेषेवर पाण्याचा थेंब ठेवल्यावर ती नाहीशी झाली तर ती क्लिअरमध्येच आहे आणि कंपाऊंडने, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने, निघू शकते. पाण्याखालीही ती दिसत राहिली आणि वरून नख फिरवताना अडले, तर पॉलिशने ती जाणार नाही हे ग्राहकाला तेव्हाच सांगावे.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची परीक्षा थिनरची. टाकीच्या खालच्या, सीटने झाकल्या जाणाऱ्या भागावर थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कापडाचा तुकडा अर्धा मिनिट धरावा. कापडाला रंग लागला तर वरचा थर डबीतल्या स्प्रेचा किंवा साध्या लॅकरचा, म्हणजे नुसता थिनर उडून वाळणाऱ्या रंगाचा, आहे. रंग सुरकुतला तर ते बहुधा इनॅमल, म्हणजे हवेत सावकाश कडक होणारा रंग, आहे. काहीच झाले नाही तर टू-के, म्हणजे हार्डनर हे दुसरे द्रव्य मिसळून कडक होणारा रंग, किंवा कारखान्यातला भाजलेला रंग असण्याची शक्यता अधिक. ही परीक्षा टाळून अनोळखी रंगावर थेट टू-के मारला की त्यातला तीव्र थिनर खालच्या थरात मुरतो, खालचा थर फुगतो आणि डोळ्यांदेखत टाकीवर सुरकुत्या उमटतात. सुरकुत्या आल्यावर काही सुधारता येत नाही. ते वाळू द्यायचे, सगळे खरवडायचे आणि पत्र्यापासून पुन्हा सुरुवात करायची.

या लेखाच्या नावातले फोड मात्र माझ्या स्वतःच्या चुकीचे आहेत. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी जुलै महिन्यात कळव्याहून एक काळी मोटारसायकल आली. टाकीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा पोचा होता. मी पुट्टी भरली, आणि धूळ उडू नये म्हणून ती पाणी लावून घोटली, कारण वरचे सगळे थर आम्ही तसेच घोटत होतो. प्रायमर, काळा बेस, क्लिअर, सगळे नीट बसले. मिस्त्रींनीही गाडी देताना मान हलवली. महिन्याभराने मालक परत आला, तेव्हा त्याच तळहाताएवढ्या जागेत मोहरीच्या दाण्याएवढे फोड उठले होते. पॉलिएस्टर पुट्टी सच्छिद्र असते आणि पाणी शोषून घेते. पावसाळ्यातल्या ओलसर हवेत ते पाणी आत राहिले, वरून आम्ही ते रंगाने कोंडून टाकले, आणि गाडी उन्हात उभी राहू लागल्यावर त्याची वाफ वर ढकलू लागली. मिस्त्रींनी नखाने एक फोड उघडला, आतला ओलसरपणा मला दाखवला आणि म्हणाले, “अरे, पुट्टीला पाणी दाखवायचं नसतं.” “काका, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” असे मी विचारले. त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही, पण तेच काम पुन्हा विनामूल्य करताना त्याचा अर्धा खर्च त्यांनी स्वतः सोसला. तेव्हापासून पुट्टी मी कोरडीच घोटतो, 80 किंवा 120 नंबरच्या जाड्या पेपरपासून 240 च्या बारीक पेपरपर्यंत, आणि प्रायमर बसल्यावरच पाण्याला हात लावतो.

ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेचा विचार न करता या कामात टिकता येत नाही. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि लॅकरवर दुधाळ पांढुरकी झाक येते. जोराच्या सरी चालू असताना आम्ही गन हातात घेत नाही. घेतलीच तर सावकाश उडणारा थिनर वापरतो आणि भाग आधी हॅलोजन दिव्याखाली कोमट करतो. टू-केच्या हार्डनरचेही पाण्याशी वैर आहे. ओलाव्याशी त्याची प्रक्रिया होऊन वायू तयार होतो आणि क्लिअरमध्ये बारीक बुडबुडे अडकतात, म्हणून अर्धा वापरलेला डबा घट्ट न लावता ठेवला तर तो फेकण्याच्याच लायकीचा होतो. काँप्रेसरमधले पाणी रोज का सोडायचे, हे मला या सगळ्यानंतर कळले. ऐरोली, कोपरखैरणे या खाडीलगतच्या भागांतून येणाऱ्या गाड्यांवर खारट हवेमुळे स्टँड, साखळीचे कव्हर आणि टाकीची खालची शिवण आधी गंजते, तर घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांच्या पुढच्या मडगार्डवर खडीचे टवके हमखास सापडतात.

टाकीच्या खालच्या शिवणीवर रंग फुगलेला दिसला तर बाहेरून पेपर लावण्यापूर्वी झाकण उघडून टॉर्चने आत पाहावे. गंज अनेकदा आतून येत असतो, आणि अशा टाकीवर कितीही सुंदर रंग मारला तरी काही महिन्यांत तिथूनच पेट्रोल झिरपते. इथे एक इशारा अतिशय गांभीर्याने देतो. रिकामी दिसणारी टाकी ही स्फोटक असते, कारण द्रव पेट्रोलपेक्षा त्याची वाफ जास्त सहज पेट घेते. टाकीला वेल्डिंग करण्याचे काम ज्याला ती नीट धुऊन वाफमुक्त करता येते अशाच कारागिराकडे द्यावे. आपल्या गाळ्यात हा प्रयोग करू नये.

झाकणाभोवतालचे पिवळट डाग आणि सोललेली कड हा वापरलेल्या गाड्यांवरचा ठरलेला दोष आहे. पेट्रोल भरताना सांडते आणि साध्या डबीतल्या स्प्रेचा थर त्यात विरघळतो. म्हणून टाकीवर हार्डनरशिवाय क्लिअर मारणे म्हणजे ग्राहकाला दोन महिन्यांनी परत बोलावणेच होय. क्लिअर आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर दिलेले असते. ते अंदाजाने न घेता मापाच्या भांड्यातच घ्यावे. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल हा समज खोटा आहे. त्याने थर ठिसूळ होतो.

मेटॅलिक रंगाचा छोटा टवका काढणे हे नवशिक्याला सोपे वाटते आणि प्रत्यक्षात सर्वांत अवघड असते. रंगाचा कोड बरोबर असला तरी पाच-सहा वर्षे उन्हात राहिलेली टाकी मूळ छटेवर राहिलेली नसते. शिवाय ॲल्युमिनियमचे कण कसे बसतात हे गनचा दाब, अंतर आणि थराची जाडी यांवर अवलंबून असते, त्यामुळे त्याच डब्यातला रंग दोन हातांनी मारला तर दोन छटा दिसतात. अशा वेळी मी ठिपक्यापुरता रंग न मारता छटा बाजूला विरळ करत नेतो आणि क्लिअर मात्र संपूर्ण टाकीवर घेतो. रंग एकसंध असेल, काळा किंवा लाल, तर काम पुष्कळ सुकर होते, पण जुन्या लालवर पांढरा मारायचा असेल तर खालचा लाल वर झिरपून गुलाबी छटा देऊ शकतो, हे लक्षात ठेवून आधी सीलर, म्हणजे खालचा रंग अडवणारा थर, मारावा. प्लास्टिकच्या साइड पॅनेलला पत्र्याचा प्रायमर धरत नाही. त्यासाठी वेगळा प्रायमर घ्यावा आणि थिनर जपून वापरावा.

कंपाऊंडचे काम थोडक्यात सांगतो. धुळीचा कण किंवा ओघळ 1500 नंबरच्या पेपरने पाणी लावून, मग 2000 आणि 3000 ने घोटून शेवटी कंपाऊंड मारावे. पॉलिशचे मशिन एका जागी थांबवू नये, कडांवर मास्किंग टेप लावावी. ग्राफिक्सवर नख फिरवून त्याची कड लागते का पाहावे. कड लागली तर स्टिकर क्लिअरच्या वर आहे आणि मशिनने तो उचकटेल.

टू-केच्या फवाऱ्यातले आयसोसायनेट, म्हणजे हार्डनरमधले रसायन, फुप्फुसात गेले की काही माणसांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा संवेदनशीलता आली की थोड्या वासानेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल यावर काहीच करत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा काडतुसांचा मास्क, हातमोजे आणि वारा खेळता ठेवणारा पंखा यांचा खर्च मालक करत नसेल तर तो स्वतः करावा, आणि तोही पहिल्या पगारातून.

शिक्षणाबद्दल विचाराल तर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग’ हा ट्रेड आहे, जरी तो प्रत्येक संस्थेत चालत नाही. तिथे थरांचे शास्त्र नीट शिकवतात, हात मात्र गाळ्यातच बसतो, आणि मला विचाराल तर दोन्ही घ्यावे.

गाडी हातात घेताना ग्राहकाला तीन गोष्टी लेखी द्याव्यात: कोणता भाग करणार, कोणता जाणूनबुजून सोडणार आणि पुट्टी कुठे आहे. रंगच बदलायचा असेल तर नोंदणी प्रमाणपत्रावर रंग नमूद असतो. ठाण्याच्या एमएच-04 गाडीसाठी ठाणे आरटीओकडे आणि एमएच-43 साठी नवी मुंबईच्या कार्यालयाकडे तो बदल आधी नोंदवावा लागतो, हेही त्याला सांगावे. गाडी परत देताना पहिले आठ दिवस टाकी काठोकाठ भरू नका, सांडलेले पेट्रोल लगेच ओल्या फडक्याने पुसा, आणि महिनाभर मेण लावू नका, असे मी सांगतो. कळव्याच्या त्या काळ्या गाडीचा मालक अजूनही माझ्याकडे येतो, आणि प्रत्येक वेळी आधी टाकीच्या डाव्या बाजूवर हात फिरवून पाहतो.