ऑनलाइन कॉम्प्युटर घेताना भाव कसा पाडायचा

मोठ्या शॉपिंग ॲपवर घासाघीस होत नाही, कारण तिथे बोलायला माणूसच नसतो. पण असेंबल्ड पीसी, म्हणजे सुटे पार्ट्स जोडून बनवलेला कॉम्प्युटर, घेणार असाल तर गोष्ट वेगळी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची, दिल्लीच्या नेहरू प्लेसमधली, बंगळुरूच्या एस. पी. रोडवरची बरीच दुकानं व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर कोटेशन देतात आणि माल कुरिअरने घरी पाठवतात. त्यांच्या वेबसाइटवरचा दर शेवटचा नसतो. तो कमी करून घ्यायचा तर तयारी मात्र तुमची पक्की हवी.

तयारी म्हणजे पार्ट्सची यादी, आणि तीही पूर्ण मॉडेल नावांसकट. 'रायझन ५, १६ जीबी रॅम, चांगला एसएमपीएस' (पीसीला वीज पुरवणारा भाग) एवढंच लिहून पाठवलं तर प्रत्येक दुकानदार आपल्या सोयीचा माल धरतो आणि तीन कोटेशनची तुलनाच होऊ शकत नाही. सर्वात स्वस्त दिसणारं कोटेशन बहुतेक वेळा मालाच्या फरकामुळे स्वस्त असतं. रायझन ५ ७६०० च्या जागी ७५००एफ बसवला की किंमत उतरते, पण 'एफ'मध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. प्रोसेसर 'बॉक्स' (कंपनीच्या सीलबंद खोक्यातला) की 'ट्रे' (खोक्याशिवाय सुटा) हेही विचारून घ्या. बॉक्समधल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ७६०० च्या बॉक्समध्ये कूलरही येतो. ट्रे प्रोसेसरची जबाबदारी सहसा विकणाऱ्यावर असते. तो फोन उचलेल तोवर वॉरंटी, इतकाच त्याचा अर्थ.

मेसेज साधारण असा असावा:

'नमस्कार. खालील यादीचं कोटेशन हवं आहे. प्रत्येक पार्टचा दर वेगळा लिहा. शेवटी जीएसटी, असेंब्ली आणि पुण्यापर्यंतचं कुरिअर धरून एकूण रक्कम द्या. पेमेंट एनईएफटीने, दर जमला तर आजच. १) रायझन ५ ७६००, बॉक्स. २) बी६५०एम मदरबोर्ड, सोबतच्या लिंकमधलाच. ३) डीडीआर५ रॅम, १६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० स्पीड. ४) १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, जेन ४. ५) ६५० वॉट एसएमपीएस, ८० प्लस ब्राँझ. ६) कॅबिनेट, सोबतच्या लिंकमधलंच. एखादा पार्ट स्टॉकमध्ये नसेल तर बदली न धरता तसं कळवा.'

हा मेसेज तीन-चार दुकानांना एकाच दिवशी पाठवा. एकाच दिवशी म्हणण्याचं कारण, रॅम आणि एसएसडीचे भाव झपाट्याने हलतात. सोमवारच्या कोटेशनची शुक्रवारच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

उत्तरं आली की आधी सगळ्या रकमा एका पातळीवर आणा. एकाने ७२,५०० सगळं धरून सांगितलं आणि दुसऱ्याने ६४,००० 'प्लस जीएसटी', तर दुसरा स्वस्त वाटतो. पण कॉम्प्युटर पार्ट्सवर जीएसटी १८ टक्के, म्हणजे त्याचे ७५,५२० झाले, आणि कुरिअर अजून बाकीच आहे.

आता खरी घासाघीस. 'बेस्ट प्राइस द्या', 'लास्ट किती?' हे दुकानदार दिवसभर ऐकत असतो, त्यावर तो शे-दोनशे कमी करून मोकळा होतो. त्याऐवजी आकडा तुम्ही सांगा, एकच सांगा आणि त्याला आधार द्या: 'याच यादीचं दुसरीकडून ७२,५०० घरपोच आलं आहे, तुम्ही ७१,००० ला देत असाल तर आत्ता पैसे पाठवतो.' आधार खरा हवा. या धंद्यात होलसेलचे दर सगळ्यांना माहीत असतात, खोटं कोटेशन लगेच ओळखू येतं आणि मग तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. बजेटच्या बाबतीतही ताकाला जाऊन भांडं लपवू नका. बजेट कळलं तर चांगला दुकानदार स्वतःहून सुचवतो की कुठे पैसे वाचवता येतील.

कुठे ओढायचं हेही कळायला हवं. प्रोसेसरवर दुकानदाराला फारसं सुटत नाही, तिथे ताणलंत तर तो वैतागतो. कॅबिनेट, कूलर, मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माउस यांत जागा जास्त असते. आकडा अजिबात हलत नसेल तर पैशांऐवजी काम मागा: असेंब्ली फुकट, कुरिअर फुकट, मालाचा ट्रान्झिट इन्शुरन्स (वाटेतल्या नुकसानीचा विमा), बायॉस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. बी६५० बोर्डवर रायझन ९००० सिरीजचा प्रोसेसर घेत असाल तर बायॉसचं आधीच कबूल करून घ्या. जुन्या बायॉसवर तो प्रोसेसर चालत नाही आणि घरी आल्यावर तुम्ही अडकता.

सहा पार्ट्स सहा दुकानांतून घेऊन थोडे पैसे वाचवण्याचा मोह आवरा. पीसी सुरू झाला नाही की बोर्डवाला रॅमवाल्याकडे बोट दाखवतो आणि रॅमवाला बोर्डवाल्याकडे. एकाच दुकानातून घेतलं तर 'जोडून, चालवून, फोटो पाठवून मगच पॅक करा' असं हक्काने सांगता येतं. जड ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून वेगळ्या बॉक्समध्ये पाठवायला सांगा, कारण प्रवासातल्या धक्क्यांनी त्याचा स्लॉट तुटू शकतो.

पेमेंटची पद्धत हेही भाव पाडायचं साधन आहे. क्रेडिट कार्डावर बरेच दुकानदार दोन टक्क्यांच्या आसपास जादा लावतात. ७२,५०० वर ते १,४५० रुपये होतात. म्हणून 'एनईएफटीने देतो' हे आधीच सांगून ती सूट आकड्यात मिळवा. पण थेट खात्यात पाठवलेले पैसे परत आणणं अवघड, त्यामुळे आधी दुकानाचा १५ अक्षरी जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर शोधा. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. पोर्टलवरचं नाव, बँक खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव जुळलं पाहिजे. कुणा व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. 'बिल नको असेल तर अजून कमी करतो' या बोलण्याला तर अजिबात भुलू नका. वॉरंटीसाठी बिल लागतं, आणि त्यावर सिरीयल नंबर असतील तर उत्तम. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, कुरिअरचं लेबल दिसेल अशी सुरुवात करून.

लॅपटॉपच्या बाबतीत वाव कमी. कंपनीच्या वेबसाइटवर चॅट किंवा फोनवर विक्रीचा माणूस मिळाला तर दरापेक्षा वाढीव वॉरंटी किंवा बॅग लवकर मिळते. विद्यार्थ्यांसाठी ॲपल, एचपी, लेनोव्होचे वेगळे दर असतात, तेही बघा. 'नो कॉस्ट ईएमआय' मात्र हिशेब करूनच घ्या. ६०,००० रुपयांवर सहा महिने, १५ टक्के व्याज धरलं तर व्याजाचे साधारण २,५४० रुपये किमतीतून वजा होतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४५७ रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. एकरकमी पैसे देण्यावर जादा सूट मिळते का, हे आधी विचारा. आणि धंद्यासाठी घेत असाल, स्वतःचा जीएसटी नंबर असेल, तर तो ऑर्डर देण्याआधीच टाका, नंतर बिल बदलून मिळवणं कठीण जातं. ५९,००० च्या लॅपटॉपमध्ये ९,००० रुपये कराचे असतात, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (तुमच्या स्वतःच्या जीएसटीतून वजावट) मिळत असेल तर एवढी सूट कुठल्याही घासाघिशीत मिळणार नाही.