गोल्फमध्ये चेंडू उजवीकडेच का पळतो? या चुका टाळा

हौशी गोल्फरचा सगळ्यात जुना वैताग म्हणजे स्लाइस. चेंडू झकास निघतो, अर्ध्या वाटेत उजवीकडे वळतो आणि झाडीत दिसेनासा होतो. (डावखुऱ्यांनी इथल्या सगळ्या दिशा उलट धराव्यात.) मग पुढच्या होलवर खेळाडू हमखास डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि तिथेच घोळ होतो. स्विंगच्या मार्गाच्या मानाने क्लबफेस, म्हणजे क्लबचा (काठीचा) चेंडूला लागणारा सपाट भाग, उघडा म्हणजे उजवीकडे वळलेला राहिला की चेंडू उजवीकडे वळतो. डावीकडे नेम धरल्यावर क्लब बाहेरून आत, चेंडूला कापत येतो, पण क्लबफेस झाडीकडेच उघडा राहतो. चेंडू आधीपेक्षा जास्त वळतो, खेळाडू आणखी डावीकडे सरकतो आणि असं करता करता अख्खा राउंड हातचा जातो.

जोर लावण्याआधी ग्रिप तपासा. क्लब धरून खाली बघा. डाव्या मुठीवरचे दोन ते तीन उंचवटे दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर हात किंचित उजवीकडे फिरवून पुन्हा धरा. सुरुवातीला पकड परकी वाटेल आणि काही चेंडू डावीकडे जातील. घाबरू नका, क्लबफेस बंद व्हायला लागल्याची ती खूण आहे. आपले खांदे डावीकडे उघडे आहेत हे आपल्याला कधीच दिसत नाही, म्हणून कॅडीला (पिशवी सांभाळणाऱ्या मदतनिसाला) मागे उभं राहून बघायला सांगा. त्याने जितके स्विंग पाहिलेत तितके आपण मारलेलेही नसतात. तरीही चेंडू ऐकत नसेल तर त्या दिवशी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) पिशवीतच राहू द्या आणि टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, आयर्न (धातूच्या पात्याचा आखूड क्लब) मारा. 14 क्लब ही नियमाची कमाल मर्यादा आहे, ते सगळे वापरायची सक्ती नाही.

दुसरा त्रास म्हणजे चेंडू टॉप होणं, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागावर बसणं. लगेच सोबतचे सांगतात, ‘डोकं वर आलं!’ माझ्या मते हौशी खेळाडूंचं सर्वाधिक नुकसान या सल्ल्याने केलंय, कारण तो ऐकून माणूस आणखी आखडतो. खरा दोष बहुतेक वेळा चेंडू उचलायच्या धडपडीत असतो. वजन मागच्या पायावर राहतं, क्लब चेंडूच्या आधीच तळाला पोहोचतो आणि वर येताना चेंडूच्या डोक्यावर बसतो. चेंडू उचलायचं काम क्लबच्या लॉफ्टचं, म्हणजे क्लबफेसच्या तिरकेपणाचं आहे. तुम्ही खाली मारा, चेंडूच्या पुढचं गवत घासू द्या आणि स्विंग संपताना सगळं वजन डाव्या पायावर येऊ द्या.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) मात्र चेंडूला मारायचंच नाही. त्याच्या साधारण दोन इंच मागे वाळूत मारा आणि स्विंग अर्ध्यात सोडू नका. सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला क्लब लागला तर दंड बसतो.

नियम माहीत नसल्यानेही हकनाक स्ट्रोक (फटके) जातात. चेंडू हरवेल असं वाटलं तर दुसरा मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असं स्पष्ट सांगा. न सांगता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो. मग पहिला फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध सापडला तरी तो खेळता येत नाही, आणि ते दुःख फार मोठं असतं. शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची.

पुण्या-मुंबईकडे पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. फेअरवे किंवा रफमध्ये (बाजूच्या लांब गवतात) चेंडू स्वतःच्याच आदळण्याने चिखलात रुतला तर दंडाशिवाय उचलता येतो. पुसा आणि रुतल्या जागेच्या लगेच मागून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न नेता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करा. अनेकजण बिचारे तो तसाच चिखलातून मारतात आणि कपडे धुवायला टाकतात.