प्रीअँप घेताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात रॉक वाजवणारी पोरं वाढलीत, चांगलंच आहे. पण प्रत्येकाचा पहिला फोन तोच: "दादा, कुठला प्रीअँप घेऊ?" (प्रीअँप म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र.) अरे, आधी तुझा अँप कसा वाजतोय ते सांग! जोरात वाजणाऱ्या गिटार कॅबिनेटला खेटून एसएम57 माइक लावला की 30 डेसिबलच्या आसपास गेन (सिग्नलची वाढ) पुरतो. तेवढ्या गेनवर इंटरफेसमधला (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यातला) साधा प्रीअँप कुठला आणि लाखाचा कुठला, डोळे मिटून ओळखून दाखवा. कमी सिग्नल देणाऱ्या एसएम7बी माइकला किंवा जुन्या रिबन (पातळ धातूपट्टीच्या) माइकला 60 डेसिबल खेचायला लागले की मग स्वस्तातला फसफसतो.

राजारामपुरीतल्या एका गिटारवाल्यानं हप्त्यावर प्रीअँप घेतला, 1970 च्या नीव्ह 1073 या गाजलेल्या प्रीअँपच्या धर्तीचा. थोड्याच दिवसांत तणतणत आला. "फसलो राव, फरक शून्य, उलट आवाज फाटतोय." खोलीवर जाऊन बघतो तर प्रीअँपमधून निघालेली एक्सएलआर (तीन पिनांची) केबल थेट इंटरफेसच्या माइक इनपुटात! म्हणजे एकदा वाढवलेला सिग्नल दुसऱ्या प्रीअँपात. गेन पार खाली, तरी लाल दिवा पेटलेलाच. बहुतेक इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटात एक्सएलआर घातली की माइक इनपुट, टीआरएस जॅक (हेडफोनसारखी जाड पिन) घातला की लाइन, म्हणजे आधीच वाढवलेल्या सिग्नलचं इनपुट. केबल बदलली, दिवा विझला. मॅन्युअल खोक्यातच होतं, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मग म्हणतो, "पण तो उबदार साउंड कुठाय?" तो येतो प्रीअँपमधल्या ट्रान्सफॉर्मरवर जोर पडल्यावर. गेन चढवायचा, आउटपुट उतरवायचा. म्हणून असला प्रीअँप घेताना आउटपुटचं वेगळं बटण आहे का बघा. नसेल तर मी घेत नाही.

ड्रमर साउंडचेकला हळू वाजवतो आणि टेकला (प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला) जीव खाऊन हाणतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गेन साउंडचेकवरच लावतात. मी गाण्यातला सगळ्यात दणकट भाग वाजवायला लावतो, पीक (सिग्नलचं सगळ्यात उंच टोक) मीटरवर उणे 12 डेसिबलला ठेवतो आणि मग गेन अजून थोडा उतरवतो. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये लेव्हल कमी राहिली म्हणून काही बिघडत नाही. प्रीअँपातच फाटलेला स्नेअर ड्रमचा आवाज नंतर फेडर (आवाजाची सरकपट्टी) ओढून शिवता येत नाही. ड्रमसाठी पॅडचं (आत येणारा सिग्नल कमी करणारं) बटण असलेलाच प्रीअँप घ्या.

हम (सतत घुमणारा आवाज) येतोय? प्रीअँपला शिव्या देण्याआधी अर्थिंग तपासा, विशेषतः रिहर्सलची खोली उद्यमनगरात लेथच्या भिंतीला लागून असेल तर. अर्थिंगची पिन तोडून हम घालवणाऱ्याला मी स्टुडिओत घेत नाही. तो शॉर्टकट नाही, शॉक आहे.

बेस गिटार सरळ प्रीअँपला लावणार असाल तर साधारण 1 मेगाओहमचं इन्स्ट्रुमेंट इनपुट हवं, नाहीतर डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटाजोगा करणारा डबा).

जुना रिबन माइक लावताना 48 व्होल्ट फँटम (केबलमधून माइकला जाणारी वीज) बंद.

आणि अख्खा ड्रमसेट घ्यायचाय तर दोन भारी चॅनलपेक्षा आठ साधे घ्या. उरलेल्या पैशात स्नेअरचं हेड बदला. शेवटचं कधी बदललं विचारलं की सगळा बँड एकमेकांकडं बघतो.