बाळंतपणाची सुट्टी मागितली आणि मालक राजीनामा दे म्हणाला, तर काय करायचं

माझी वहिनी बेळगावात उद्यमबागेत एका बारक्या कारखान्याच्या ऑफिसात बिलं करते. सहावा महिना संपत आला तेव्हा तिनं सुट्टीचा विषय काढला तर मालक म्हणाला, "सुट्टीचं काय बोलूलालीस, ते सगळं मोठ्या कंपनीत, तू राजीनामा दे, बाळ मोठं झालं की ये परत, जागा तुझीच हाय." आणि कोरा कागद पुढं सरकवला. मालक तिच्या लग्नाला आलेला, नाही कसं म्हणायचं म्हणून ती सही करणारच होती, पण त्याआधी तिनं मला फोन केला. म्हणून आधी हेच सांगते, राजीनाम्यावर आणि कोऱ्या कागदावर सही करू नका, "घरी विचारून सांगते" म्हणा आणि बाहेर या. एकदा सही झाली की तुम्ही आपणहून काम सोडलं असं दाखवतात, मग भांडण फार अवघड जातं.

आता बारकी कंपनी म्हणजे किती बारकी ते मोजा. गेल्या १२ महिन्यांत एका दिवशी जरी १० माणसं कामाला असली तरी कायदा लागू होतो. वहिनीनं वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली, लेथवरची चार पोरं, पॅकिंगच्या तीन बायका, सुपरवायझर, टेम्पोवाला, वॉचमन आणि ती, झाले ११. मालक ऑफिसातली दोन-तीनच धरून बसलेला.

दुसरं, बाळंतपणाची जी तारीख डॉक्टरनं दिलीय तिच्या आधीच्या १२ महिन्यांत तुमचे ८० दिवस काम झालेलं पाहिजे. पर्मनंट नाही, प्रोबेशनवर आहे, असली कारणं चालत नाहीत. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी सुट्टी, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येते. दोन मुलं असतील तर पुढच्याला १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं आणि चौथ्या दिवशी कामावर जातात, जीव तुटतो बघून. बाळंतपणाच्या सुट्टीचा १९६१ चा कायदा रद्द झाला, आता हक्क उरला नाही असं कोण म्हणालं तर ऐकून घेऊ नका, २१ नोव्हेंबर २०२५ पासून हेच हक्क सामाजिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात आलेत.

पगाराच्या स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापलेला दिसतो का बघा. कापत असतील तर बाळंतपणाचे पैसे ईएसआयकडून येतात, मालकाच्या खिशातून नाही, हे त्याला शांतपणे सांगितलं की निम्मा राग तिथंच उतरतो. वहिनीचं तसंच झालं.

तरी तोंडी बोलण्यावर राहू नका. अर्ज द्या, त्यात कुठल्या तारखेपासून येणार नाही, पैसे कुणाला द्यायचे, आणि सुट्टीत दुसरीकडं काम करणार नाही, एवढं लिहा. सोबत डॉक्टरचा दाखला आणि ताई कार्डाची, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीच्या सरकारी कार्डाची झेरॉक्स. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसकट सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती ताई कार्डाच्याच पिशवीत ठेवा म्हणजे हरवत नाही. व्हॉट्सॲपवरही फोटो टाका आणि मालकाचं उत्तर डिलीट करू नका. अर्ज द्यायला उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, बाळंतपणानंतरही देता येतो.

तरीबी ऐकत नसतील तर कार्मिक इलाख्यात, म्हणजे कामगार खात्याच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या. आपली मराठी तिथं समजतात बरेच जण, पण अर्ज कन्नडात दिला तर टेबलावरून लवकर पुढं जातो असा माझा अनुभव आहे, शेजारची कॉलेजची पोरगी पण लिहून देते, त्यात कमीपणा काही नाही, फक्त सही करण्याआधी तिच्याकडून मराठीत वाचून घ्या. हेरिगे रजे हा शब्द लक्षात ठेवा, बाळंतपणाच्या सुट्टीला तिथं तेच म्हणतात. सुट्टीवर असताना काढून टाकलं तर ते बेकायदेशीर आहे, पण ऑर्डर हातात आल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं असतं, बाळाच्या गडबडीत हे दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून घरच्या कुणाला तरी तारीख सांगून ठेवा. वकिलाच्या फीला घाबरू नका, बाईमाणसाला उत्पन्न किती का असेना, जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, फोन १५१००.

१० पेक्षा कमी माणसं असतील तर अंगणवाडीत मातृवंदना योजनेचं विचारा, पहिल्या बाळाला ५,००० मिळतात.

आणि परत कामावर गेलात की बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा दूध पाजायला वेळ मिळतो, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. वहिनी अकराला आणि साडेतीनला घरी जाऊन येते, घर जवळ आहे तिचं, टेम्पोवाला सोडतो कधी कधी.